डग्ग्याची दांडगाई

मागील महिन्यांत आमच्या बाजूस एका ख्यालगायिकेची बैठक झाली. ठाणें, कल्याण, डोंबिवली या तिहींपैकीं कोणतेंही शहर वाचकांनीं समजावें. प्रकार तिन्ही ठिकाणीं एकच आहे, आणि सभागृहाचें वा कलावंताचें नांव घेऊन कोणाची बेअब्रू करावी असा माझा हेतु नाहीं. काळी चारचा स्वर, दोन तंबोरे, हार्मोनियम, तबला, आणि विलंबित एकताल. मी बाराव्या रांगेंत बसलों होतों. पहिल्या अर्ध्या तासांत बाईंनीं साउंडवाल्याकडे पाहून तीन वेळां सांगितलें कीं, डग्गा जरा कमी करा. तीन वेळां तो कमी झाला, आणि तीन वेळां, कोणाच्या खुणेनें कोण जाणे, पांच मिनिटांत पूर्ववत् झाला. चौथ्या वेळीं बाईंनीं कांहीं सांगितलें नाहीं. त्यांनीं लय वाढविली.

माझ्या शेजारच्या गृहस्थांना त्यांत कांहींच विशेष वाटलें नाहीं. मला मात्र त्या रात्रीं लवकर झोंप आली नाहीं. विलंबितांत दोन मात्रांच्या मधली मोकळी जागा हेंच गाणाऱ्याचें अंगण. त्या अंगणांत डग्ग्याचा घुमारा पावसाच्या पाण्यासारखा तुंबून राहूं लागला, तर गाणाऱ्यानें पाय ठेवावा कोठें? बाई अंगण सोडून ओटीवर आल्या, एवढेंच. ख्याल कोणत्या लयींत गावा, हा गाणाऱ्याचा अधिकार. तो त्या रात्रीं मिक्सरवरच्या एका खुंटीनें बजावला. त्या खुंटीला आमचे साउंडवाले 'बेस' म्हणतात. हा लेख त्या खुंटीविरुद्ध आहे.

आरंभींच कबूल करतों कीं, ह्या अपराधांत मीही भागीदार आहें. आमच्या लहानशा संगीतमंडळाच्या समितीवर मी आहें. तीन वर्षांपूर्वीं व्यासपीठाखालीं ठेवावयाचे दोन मोठे खोके, ज्यांना सबवूफर म्हणतात ते, भाड्यानें आणावे असा ठराव आला, तेव्हां मींही हात वर केला. सुचविणारे तरुण सभासद म्हणाले होते, "सर, ठोका छातींत बसला पाहिजे." त्या वेळीं मला तें वाक्य मोठें रसिकतेचें वाटलें. ठोका कानांत बसावा, छातींत बसावयास दमा आणि खोकला आहेतच, एवढें उत्तर सुचावयास मला तीन वर्षें लागलीं.

आतां हा डग्गा म्हणजे काय वस्तु आहे तें पाहूं. लोक समजतात तसा तो तालाचा ढोल नव्हे. साध्या ताणलेल्या चामड्यावर काठी मारली, तर त्यांतून निघणारे निरनिराळे स्वरांश एकमेकांशीं जुळत नाहींत; म्हणूनच ढोलाला स्वर नसतो, नुसता आवाज असतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० सालीं 'नेचर' ह्या विलायती शास्त्रीय पत्रांत दाखवून दिलें कीं, आमच्या चर्मवाद्यांच्या पुडीवर जो शाईचा भार दिलेला असतो, त्याच्या योगानें हे भांडखोर स्वरांश सुरेल श्रेणींत येऊन बसतात. हें काम ज्या अनाम कारागिरांनीं केलें त्यांनीं पदार्थविज्ञान वाचलें नव्हतें. कान वाचला होता. डग्ग्याची शाई मध्यापासून थोडी बाजूस सरकलेली असते, आणि त्यामुळें वादकाच्या मनगटाला टेकावयास जागा मिळते. ह्या मनगटाच्या दाबानें स्वर चढतो, उतरतो, घसरत जाऊन समेवर विसावतो. चांगल्या तबलजीचा डग्गा बोलतो असें आपण म्हणतों तें ह्याच अर्थानें.

पखवाजाची रीत तर ह्याहून बोलकी. त्याच्या डाव्या तोंडावर वादक ओल्या कणकेचा थर देतो. घुमारा कमी वाटला तर कणीक वाढवितो, बोजड वाटला तर चिमूटभर काढतो, आणि वादन संपल्यावर ती खरवडून टाकतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून जवारी उघडतात, तीही ह्याच जातीची क्रिया. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां वर्तमानपत्रांनीं अभिमानानें बातम्या छापल्या. पण त्या तंबोऱ्याची सारी किंमत ज्या केसाएवढ्या जवारींत आहे, ती आमच्या सभागृहांत बाराव्या रांगेपर्यंत पोंचते काय, हें विचारावयास कोणी बातमीदार आला नाहीं. कणीक म्हणा, दोरा म्हणा, हे आमचे जुने इक्वलायझर. फरक एवढाच कीं, तेथें लावणारा हात आणि ऐकणारा कान एकाच माणसाचे असत.

इक्वलायझर ह्या यंत्राचा जन्म मुळीं टेलिफोनच्या कामासाठीं झाला. लांबच्या तारेंतून बोलणें जाऊं लागलें म्हणजे त्यांतले उंच स्वरांश वाटेंत गळत. उरलेला आवाज कोंदट होई. जें गळलें तें भरून काढून दोन्ही टोकें समान करावीं, म्हणून त्याला 'समान करणारा' हें नांव पडलें. म्हणजे मूळ प्रतिज्ञा प्रामाणिकपणाची होती. माणसाचा आवाज जसा आहे तसा पलीकडे पोंचवावा, त्यांत भर घालूं नये. आज त्याच यंत्रावर एकतीस सरकत्या खुंट्यांची पेटी असते. त्रेसष्ट, ऐंशीं, शंभर, सव्वाशें अशा कंपनसंख्यांचे पट्टे तीवर आखलेले असतात. आणि आमच्या बहुतेक सभागृहांत ह्या पेटीकडे पाहिलें तर डावीकडच्या खुंट्या वर चढलेल्या आणि मधल्या खालीं दबलेल्या, असें एक हंसरें तोंड दिसतें. तें तोंड आपल्यालाच हंसत असतें, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे.

खालचे पट्टे वाढविल्यानें खर्ज मिळतो, ही जी समजूत, तीच सर्व अनर्थाचें मूळ होय. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यांतील खर्जाची तार सेकंदास सुमारें ६९ कंपनें करते. परंतु त्या तारेच्या नादांत हें मूळ कंपन स्वतः फार दुबळें असतें. बळ असतें तें त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, दसपट स्वरांशांत. कान त्या वरच्या स्वरांशांच्या मधलें अंतर मोजतो आणि खालचा षड्ज आपण होऊन जाणतो. ह्याचा पुरावा घरोघरीं आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची जी डबी मुलें रियाजाला लावतात, तिचा तळहाताएवढा स्पीकर ६९ कंपनांचा नाद देऊं शकत नाहीं; तरी खर्ज ऐकूं येतोच. मग ज्याला खर्ज हवा त्यानें वरचे स्वरांश जपावे कीं खालीं नुसती हवा हलवावी? साउंडवाला दुसरें करतो. जवारी राहते तोंड बांधून, आणि व्यासपीठाखालून एक जाड, निराकार गुणगुण उठते. आणि तिलाच आम्ही भरदार तंबोरा म्हणून दाद देतों.

बरें, ही गुणगुण तरी सुरांत असते काय? उन्हाळ्याच्या हवेंत ६९ कंपनांच्या लहरीची लांबी सुमारें पांच मीटर भरते. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलें वा जमीन आणि छत यांमधलें अंतर तिच्या निम्म्याच्या, म्हणजे अडीच मीटरांच्या पटींत आलें, कीं ती लहर तेथें ठाण मांडून बसते. खोलीचीं मापें बदललीं कीं हा मानाचा स्वर बदलतो. म्हणजे प्रत्येक लहान सभागृहाचा एक स्वतःचा षड्ज असतो, आणि तो गवंड्यानें लावलेला असतो. गायिका काळी चारमध्यें गात आहे, हार्मोनियम तिला धरून आहे, तबला तिच्या षड्जाला मिळविला आहे, आणि सभागृह मात्र गवंड्याचा स्वर लावून बसलें आहे. बेसची खुंटी वर गेली कीं डग्ग्याचा प्रत्येक आघात ह्याच एका स्वराला हलवून जागा करतो. मग वादकानें मनगटानें कितीही मींड घेतली तरी व्यर्थ. श्रोत्याला येतो तो एकच स्थिर घुमणारा ठोका. जें वाद्य बोलत होतें तें हुंकार देऊं लागतें.

ह्यांत आणखी दोन गोष्टी भर घालतात. ज्या दिशादर्शी माइकनें आपण गाणी ऐकतों, तो उगमाच्या अगदीं जवळ नेला म्हणजे खालचे स्वर आपोआप फुगवितो. हा त्याच्या रचनेचाच गुण आहे. आमच्याकडे तो डग्ग्याच्या पुडीपासून चार बोटांवर उभा करतात, म्हणजे खुंटीला हात लागण्यापूर्वींच फुगवटा तयार. दुसरें असें कीं, माइकची परीक्षा होते ती दुपारीं, रिकाम्या सभागृहांत. संध्याकाळीं माणसें येतात. त्यांचे कपडे आणि देह उंच स्वर पुष्कळ गिळतात, खालचे फारच थोडे. दुपारीं जें बेताचें वाटलें होतें तें रात्रीं बोजड होतें. ज्या बैठकीनें ह्या लेखाचा आरंभ झाला, तिच्या दुपारीं मी सहज लवकर गेलों होतों. कोणताही माइक चालू नव्हता. तबलजी हातोडीनें तबला मिळवीत होते, आणि बाराव्या रांगेंत, त्याच खुर्चीवर, मला डग्ग्याचा प्रत्येक घिस्सा आणि दोन्ही तंबोऱ्यांची जवारी निराळी ऐकूं येत होती. तीन तासांनंतर हजारों रुपयांचें भाडें मोजून आम्हीं तें सर्व नाहींसें केलें.

हें दुखणें आमचेंच आहे असें नाहीं. पाश्चात्त्यांचा डबल बेस, म्हणजे जाझवाले ज्याला उभा बेस म्हणतात तें पुरुषभर उंचीचें वाद्य, त्याची सर्वांत जाड तार सेकंदास ४१ कंपनांची. एवढें मोठें लांकडी धूड, पण तेवढी खालची लहर बाहेर फेंकावयास तेंही अपुरेंच पडतें. तेथेंही मूळ स्वर कान आपला आपण रचतो. विजेच्या साहाय्यानें हें वाद्य वाजविणाऱ्यांना घुमाऱ्याचा हाच जाच होतो. त्यांच्यांतले जाणते काय करतात? खालचे पट्टे वाढवीत नाहींत. तारेच्या कामाचा नसलेला अगदीं तळचा भाग कापून टाकतात, सभागृह ज्या अरुंद पट्ट्यांत घुमतें तेवढाच शोधून खालीं दाबतात, आणि बोटाचा तारेवरचा स्पर्श ऐकूं यावा म्हणून फार तर वरच्या बाजूस किंचित् मोकळीक देतात. म्हणजे इक्वलायझर हें त्यांच्या हातीं कातरण्याचें हत्यार आहे. आमच्या हातीं तें फोडणीचें तेल झालें आहे. चव कमी वाटली कीं ओत.

तेव्हां कातरावें तरी काय, असें कोणी विचारील. काळी चारला गाणारी गायिका मंद्र पंचमापर्यंत उतरली, तरी तो स्वर सेकंदास १५५ कंपनांचा भरतो. तिच्या माइकमधून शंभराच्या खालीं जें जें येतें तें तिचें नव्हेच; तें डग्ग्याचें, पावलांचें, पंख्याचें आणि समोरच्या मॉनिटरचें उष्टें असतें. हा भाग तोडण्यासाठीं बहुतेक प्रत्येक मिक्सरवर एक लहानसें बटण असतें. तें दाबावयास पैसा लागत नाहीं. मीं अनेक बैठकींत मुद्दाम जाऊन पाहिलें आहे. तें बटण दाबलेलें मला क्वचितच आढळलें.

ह्या सर्वांत साउंडवाल्याचा दोष सर्वांत कमी, असें माझें मत आहे. तो बिचारा आदल्या दिवशीं हळदीचा कार्यक्रम करून आलेला असतो आणि दुसऱ्या दिवशीं त्याला राजकीय सभा असते. माइकशिवाय वाजलेला तंबोरा त्यानें ऐकावा तरी केव्हां? दोष तबलजींचा आहे. त्यांना आपल्या मॉनिटरमध्यें आपलाच डग्गा हवा असतो, आणि गायिकेनें कमी करावयास सांगितलें तरी भुवई उडवून 'राहूं दे' अशी खूण करणारे मीं पाहिले आहेत. दोष गायकांचा आहे. कारण पैसे हातीं पडेपर्यंत ते गोड बोलतात आणि गाडींत बसल्यावर साउंडला शिव्या देतात. आणि आम्हां आयोजकांचा तर आहेच.

समोरून तीन उत्तरें नेहमीं येतात. पहिलें, सभागृहें मोठीं आहेत. खरें आहे. ठाण्याचें गडकरी रंगायतन १९७८ सालचें, हजारभर खुर्च्यांचें. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आला आहे आणि तेथें मंडपांत हजारों माणसें बसतात. माइक नकोच असें म्हणावयास मी वेडा नाहीं. मोठ्या अक्षरांचें पुस्तक आणि शाई सांडलेलें पुस्तक ह्यांत फरक आहे, एवढेंच माझें म्हणणें. दुसरें उत्तर, आवाज मर्यादेंतच असतो. आमचे साउंडवाले लगेच मोबाइल पुढें करतात: "बघा सर, पंच्याऐंशींच आहे." हें मोजमाप बहुधा 'ए' नांवाच्या मापपट्टीवर असतें, आणि ती पट्टी हलक्या आवाजांतील कानाचा कल पाहून बेतलेली असल्यानें ६३ कंपनांच्या नादांतून सुमारें २६ डेसिबल आधींच वजा करून टाकते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ ही जी मर्यादा घातली आहे, तीही ह्याच पट्टीवर. खिडकीचीं तावदानें थरथरतात आणि आंकडा मात्र साळसूद राहतो, त्याचें रहस्य हें आहे. शिवाय आवाज जसा मोठा होतो तसे खालचे स्वर कानाला अधिकच मोठे भासतात, हें फ्लेचर आणि मन्सन यांनीं १९३३ सालीं प्रयोगानें दाखविलें; आणि जड नाद त्याच्या वरच्या हलक्या नादाला झांकतो, हलका जडाला तितका झांकीत नाहीं, हें वेगेल आणि लेन यांनीं १९२४ सालीं. म्हणजे डग्गा वाढला कीं फक्त डग्गा वाढत नाहीं, गाणें कमी होतें. मोबाइलवर हें दिसत नाहीं.

तिसरें उत्तर मात्र मला गंभीर वाटतें: लोकांना हेंच आवडतें. दिवाळीच्या पहांटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर जी तरुण मंडळी नटूनथटून जमतात, त्यांचे कान ज्या आवाजावर वाढले तोच त्यांना सभागृहांत हवा, त्यांत त्यांचा अपराध काय? अपराध नाहींच. पण आवड ही आकाशांतून पडत नाहीं. जें पुनःपुन्हां वाढलें जातें त्याची आवड लागते. ज्या कल्याणांत गायन समाज १९२६ सालापासून नांदतो आहे आणि भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव भरतो, ज्या ठाण्यांत राम मराठ्यांसारखा गवई राहून गेला, त्या प्रांतांतल्या लोकांना सूक्ष्म स्वर आवडतच नाहींत, हें मी मान्य करणार नाहीं. ते त्यांना ऐकूं द्यावे लागतात.

माझी भाची डोंबिवलीला तबला शिकते. वय वर्षें तेरा. ह्या बैठकीला मींच तिला नेलें होतें. चार दिवसांनीं तिचा फोन आला: "मामा, माझा डग्गा बिघडलाय. त्यांत तें धुम् येतच नाहीं." मी गेलों, वाजवून पाहिला, डग्गा उत्तम होता. तिच्या गुरुजींनीं स्वतः निवडून दिलेला, पितळी भांड्याचा, स्वच्छ बोलणारा. मीं तिला मनगट टेकवून एक घिस्सा घ्यावयास सांगितलें. तिनें घेतला, आणि म्हणाली, "हो, पण हें किती बारीक आहे!" गेल्या दोन महिन्यांत ती पुडीवर पंजा आपटूं लागली आहे, असें गुरुजी सांगतात. तिच्या आईचा विचार नवा डग्गा घेण्याचा होता. तो मीं तूर्त थांबविला आहे. पण तिच्या कानांत जो खोटा डग्गा बसला आहे तो कसा काढावा, हें मला समजत नाहीं, आणि तो बसविण्यासाठीं ज्या ठरावावर हात वर झाले त्यांत एक हात माझा होता.

आमच्या समितीची सभा येत्या रविवारीं आहे. मीं लेखी सूचना दिली आहे: व्यासपीठाखालचे दोन्ही खोके पुढील बैठकीस आणूं नयेत, गायकाच्या माइकचें तें लहान बटण दाबलेलें असावें, डग्ग्याचा माइक वीतभर दूर असावा, आणि साउंडवाल्याची पेटी कोपऱ्यांतून काढून दहाव्या रांगेंत श्रोत्यांमध्यें मांडावी. माइक लावण्यापूर्वीं त्यानें दहा मिनिटें तंबोरा आणि तबला नुसते ऐकावे, हें पांचवें कलम आहे. तरुण सभासदांनीं पहिल्या चारांना मान डोलविली आणि पांचव्याला ते हंसले. कोषाध्यक्षांचा आक्षेप निराळा आहे. ते म्हणतात कीं, खोक्यांच्या भाड्याची वर्षाची रक्कम आगाऊ दिलेली असून ती परत मिळावयाची नाहीं.